नऊ हजारांवर पिळून इंजिन गेलं का? एका होंडा एस२००० चं प्रकरण

पार्श्वभूमी

मंदार (नाव बदललंय) माझा कॉलेजपासूनचा मित्र. मूळचा सांगलीचा, गेली बारा-तेरा वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मी तिथून तासाभरावर असतो आणि माझं काम इंजिन टेस्टिंगचं, आधी पुण्यात आणि नंतर इकडे. त्यामुळे गाडीचं काही असलं की त्याचा फोन मला येतो. फक्त यावेळी तो चार महिने उशिरा आला आणि हे सगळं लिहायला बसलो त्याचं निम्मं कारण तेच आहे.

एप्रिल २०२१ मध्ये त्याने होंडा एस२००० घेतली, २००५ ची, ६८ हजार मैल झालेली. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन सीटर, छत उघडणारी, मागच्या चाकांना पॉवर, १९९९ ते २००९ एवढीच बनली. पण लोक वेडे होतात ते तिच्या इंजिनासाठी. एफ२०सी म्हणतात त्याला. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो वगैरे काही नाही, तरी २४० पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), आणि ती पॉवर मिळते ८३०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ८३०० फेरे फिरतं तेव्हा. टॉर्क २०८ न्यूटन मीटर, तोही ७५०० ला. रेड लाईन, म्हणजे कंपनीने घातलेली वरची मर्यादा, ९०००. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) मोठा कॅम लागतो, आवाज एकदम बदलतो आणि तिथून पुढे खरी गाडी सुरू होते. चार हजारांच्या आत चालवली तर ती एखाद्या साध्या हॅचबॅकसारखी वाटते, अगदी बिचारी. म्हणजे ही गाडी वर नेण्यासाठीच बनवलीय आणि घेणारा माणूस वर नेण्यासाठीच घेतो, हे आधी मान्य करू.

मंदार ती रोज वापरत नव्हता. रविवारी सकाळी लवकर उठून कॉट्सवोल्ड्सकडे नाहीतर वेल्सच्या डोंगरात जायचा, आणि वर्षातनं दोनदा ट्रॅक डे, म्हणजे रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस. दर वेळी नऊ हजारांपर्यंत न्यायचा, अगदी न चुकता. वर्षाला पाच-सहा हजार मैल व्हायचे.

त्याचे बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, एकतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली आणि बसवली. २०२२ मध्ये ते महिनाभर इकडे आले तेव्हा मंदारने त्यांना फिरवलं आणि नऊ हजारला नेऊन दाखवलं. काकांनी डॅशबोर्डवरचा तो नारिंगी पट्टा टोकापर्यंत गेलेला बघितला आणि म्हणाले, "अरे, इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का तुला? असं ताणलंस तर फार दिवस टिकायची नाही ही." ते वाक्य मंदारच्या डोक्यात बसलं. पुढे जे झालं त्यात या वाक्याचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तक्रार काय होती

जून २०२३ च्या शेवटी विल्टशरमधल्या एका ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवून तो घरी आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की गाडी उभी असताना इंजिन जरा हलतंय, आयडल आधीसारखं स्थिर नाही, आणि वरच्या बाजूने टकटकटक असा बारीक आवाज येतोय, जो रेस वाढवली की वाढतो. चेक इंजिनचा दिवा एकदा लागला आणि आपोआप गेला. त्याने प्लग बदलले, काही फरक नाही. पेट्रोल खराब भरलं असेल म्हणून ९९ ऑक्टेनवाल्या पंपाच्या दोन टाक्या मारल्या, तरी काही फरक नाही.

मग त्याने डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली आणि ती जवळपास कोरडी निघाली! फक्त टोकाला तेल. या इंजिनात फिल्टर धरून ४.८ लिटर ऑइल बसतं, आणि ते भरताना दीड लिटरच्या वर लागलं. शेवटचं कधी बघितलं होतंस असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, फेब्रुवारीत सर्व्हिसिंग केलं तेव्हा. मध्ये चौदाशे मैल आणि एक अख्खा ट्रॅक डे.

आता आवाज आहे, आयडल हलतंय आणि इंजिन ऑइल खातंय. या तीन गोष्टी एकत्र बघितल्या की कोणीही एकच निष्कर्ष काढेल, पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि इंजिन झिजलं. मंदारने पण तोच काढला. आणि का झिजलं याचं उत्तर बाबांनी वर्षभर आधीच देऊन ठेवलं होतं.

लोकांनी काय सांगितलं

जुलैमध्ये तो एका गॅरेजला गेला. त्यांनी बॉनेट उघडून आवाज ऐकला, ऑइल किती खाते ते विचारलं, ट्रॅकवर नेतोस का ते विचारलं आणि सांगितलं की हाय रेव्ह इंजिन आहे, एवढं पिळल्यावर असंच होतं, सेकंड हँड इंजिन टाकू, मजुरीसकट साडेचार हजार पौंड. एकही गेज लावला नाही. मला राग येतो तो इथे, कारण त्यांचं निदान बरोबर की चूक ही नंतरची गोष्ट, पण सिलिंडरमधला दाब मोजणारी वीस मिनिटांची कॉम्प्रेशन टेस्ट न करता कोणाला इंजिन बदलायला सांगणं हे मला पटतच नाही.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं की उलट अजून जोरात चालव, कार्बन साठला असेल तो जळून जाईल. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "मी सांगितलं होतं तुला." आणि तिथेच तो विषय संपला, कारण मंदारला वाईट वाटलं आणि त्याने पुढे काही विचारलंच नाही.

यातून त्याने जो निर्णय घेतला तो या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. त्याने ठरवलं की इंजिन आता म्हातारं झालंय, सांभाळून वापरू. ऑगस्ट ते ऑक्टोबर तो चार हजारांच्या वर गेलाच नाही. जवळजवळ नऊशे मैल. त्याला वाटत होतं की तो इंजिनावर दया करतोय.

आरपीएम वाढला की आत नेमकं काय होतं

पुढचं कळायला हे आधी थोडं सांगावं लागेल. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो. त्याला दर वेळी थांबवायला आणि परत ढकलायला जोर लागतो आणि तो जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. साडेचार हजारांवरून नऊ हजारला गेलात तर आरपीएम दुप्पट होतो, पण कनेक्टिंग रॉडवर, त्याच्या बोल्टांवर, बेअरिंगवर येणारा तो ओढीचा जोर चौपट होतो. एस२००० चा स्ट्रोक ८४ मिलिमीटर आहे, म्हणजे ९००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५.२ मीटर येतो, आणि सगळ्यात वरच्या टोकाला पिस्टनवर जे त्वरण असतं ते गुरुत्वाकर्षणाच्या साडेचार-पाच हजार पट. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हे आकडे खरंच भयंकर आहेत.

म्हणजे काका चुकीचं बोलत नव्हते. जास्त आरपीएमने झीज वाढते, यात वाद नाही. पण प्रश्न किती वाढते हा आहे, आणि इंजिन कशासाठी बनवलंय हा आहे. एसटीचं डिझेल इंजिन दोन-अडीच हजारांच्या आत आयुष्य काढतं, त्याचे पिस्टन जड, स्ट्रोक लांब, त्याला ताणणं म्हणजे खरंच मारणं. एफ२०सी मध्ये फोर्ज केलेले पिस्टन आहेत, रॉड वेगळे, सिलिंडरच्या भिंती फायबर मिसळलेल्या धातूच्या, स्प्रिंगा कडक. रेड लाईन ही कंपनी हवेत काढत नाही, इंजिनं टेस्ट बेडवर शेकडो तास फुल लोडवर रडवून मग तो आकडा ठरतो. मी स्वतः पुण्यात रात्रपाळीला अशी इंजिनं काचेच्या पलीकडे लालभडक एक्झॉस्टसकट चालताना बघितलीत. सकाळी उघडून मोजायचो तर बोअरवरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या) होनिंगच्या, म्हणजे बनवताना घासून पाडलेल्या, रेघा तशाच दिसायच्या.

दुसरं म्हणजे वेळ. लोकांना वाटतं आपण सतत वरच असतो. मोटरवेवर ही गाडी सहाव्या गिअरमध्ये ७० मैलांना पावणेचार हजारांच्या आसपास फिरते, म्हणजे एका तासात सव्वादोन लाख फेरे. नऊ हजारपर्यंतचा एक जोर म्हणजे चार-पाच सेकंद, फार तर सहाशे-सातशे फेरे. पुढे आम्ही गाडीच्या कंप्युटरला जोडायचा ओबीडीचा छोटा लॉगर लावून महिनाभर मोजलं तर मंदारच्या रविवारच्या फेऱ्यांमध्येसुद्धा सात हजारांच्या वरचा वेळ दोन टक्क्यांच्या आत होता. ट्रॅकवर हे प्रमाण एकदम वाढतं हे खरं.

आणि तिसरं, जे लोक विसरतात. ऑइल गरम आहे का आणि पुरेसं आहे का. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो, ऑइलला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ ला आरपीएमच्या काट्याभोवती दिवे दिले होते, ऑइल तापेल तसे एकेक विझत जायचे आणि तेवढंच वर जायची परवानगी. एस२००० मध्ये असं काही नाही, ऑइल टेंपरेचरचा मीटरच नाही. पाणी जरा तापेपर्यंत व्हीटेक लागत नाही एवढंच काय ते संरक्षण. बाकी तुमच्या हातात.

समोर काय पर्याय होते

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या फराळाचं सामान आणायला आम्ही लंडनमधल्या साउथॉलला एकत्र गेलो तेव्हा त्याने मला सांगितलं. सरळ सांगितलं की गाडी विकायचा विचार आहे. मी विचारलं तपासलीस का, तर म्हणाला गॅरेजवाल्याने सांगितलंय ना.

घरी आलो आणि त्याच्या किचनच्या टेबलावर बसून पर्याय मांडले. एक, सेकंड हँड इंजिन टाकणं. साडेचार हजार, आणि त्या इंजिनाला आधी कोणी कसं वागवलं याचा काही पत्ता नाही, म्हणजे ज्या भीतीने बदलायचं तीच भीती परत विकत घ्यायची. दोन, आहे तशी विकणं. खरं सांगून विकली तर निम्मा भाव, आणि न सांगता विकायला मंदार तयार नव्हता, त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. तीन, तशीच हळू चालवत राहणं, आणि त्याचा कल त्याकडेच होता. चार, दीड-दोनशे पौंड खर्चून नीट तपासणी करणं आणि मग ठरवणं.

चौथा पर्याय उघड वाटतो, पण त्याला भीती होती की तपासलं आणि खरंच इंजिन गेलेलं निघालं तर ती आपलीच चूक सिद्ध होईल. वहिनींनी तोडगा काढला. म्हणाल्या, "गाडी गेली असेल तर ती गेलेलीच आहे, बघितल्याने थोडीच जास्त जाणार आहे? भावजी, तुम्ही शनिवारी या."

शनिवारी आधी मी गाडी सुरू करून मंदारच्या बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मंदार नको म्हणत होता. काकांनी फोन इंजिनच्या वर धर, मग खाली धर, मग एक्झॉस्टशी धर असं करायला लावलं, नंतर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर आणि दांडा माझ्या कानाला असं सगळीकडे फिरवायला लावलं आणि कुठे मोठा येतो ते विचारलं. दोन नंबर सिलिंडरच्या वर, एक्झॉस्टच्या बाजूला. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "हा खालचा आवाज नाही. बेअरिंग गेलं की आवाज जड येतो, पोटातून येतो. हा व्हॉल्व्हचा आहे. हेड बघा." तीन महिन्यांपूर्वी त्यांना हा आवाज ऐकवला असता तर! पण तेव्हा फोनवर एका वाक्यात विषय संपला होता.

तपासणी

आधी कॉम्प्रेशन. चार सिलिंडरचे आकडे आले २२०, १६५, २१८, २२२ पीएसआय. झीज झाली असती तर साधारण सगळेच खाली आले असते, थोडेफार इकडे-तिकडे. इथे तीन ठणठणीत आणि एकच पडलेला. दोन नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, कारण रिंगा गळत असतील तर ऑइलने फट भरते आणि आकडा चढतो. चढला नाही.

मग लीक डाउन. हे ज्यांनी केलं नसेल त्यांना सांगतो, इंजिनबद्दल जेवढं ही टेस्ट बोलते तेवढं दुसरं काही बोलत नाही. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, तेव्हा सगळे व्हॉल्व्ह बंद असतात, प्लगच्या भोकातून १०० पीएसआयने हवा भरायची आणि किती टक्के पळून जाते ते मोजायचं. आणि ती कुठून पळते ते कानाने ऐकायचं. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एक, तीन आणि चार नंबरला ६-७ टक्के आले, १८ वर्षांच्या आणि ८० हजार मैल झालेल्या इंजिनाला हे फारच छान. दोन नंबरला २६ टक्के. मी गाडीच्या मागे जाऊन ओल्या फरशीवर आडवा झालो आणि पाइपाला कान लावला. सूंऽऽ असा सरळ, बारीक, न थांबणारा आवाज. मंदारला बोलावलं, त्यालाही ऐकवला. ऑइलच्या तोंडाशी कान लावला तर तिथे जवळजवळ शांत.

प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. भिंतींवर होनिंगच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, ओरखडा एकही नाही. आणि दोन नंबरच्या पिस्टनच्या डोक्यावर, काळ्या कार्बनमध्ये, नखाएवढी एक चकचकीत चंद्रकोर. व्हॉल्व्हच्या कडेचा शिक्का.

तो एक सेकंद

मी स्क्रीनवर ती चंद्रकोर दाखवली आणि विचारलं, गिअर चुकला होता का कधी? तो बराच वेळ बघत राहिला. मग सांगितलं. जूनच्या त्याच ट्रॅक डेला, दुपारनंतर, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साडेआठ हजारांवरून पाचवा टाकायला गेला आणि हात उजवीकडे न जाता सरळ वर गेला. तिसरा पडला. क्लच सोडला, गाडी नाकावर आपटल्यासारखी झुकली, मागची चाकं चरकली, इंजिन कधी ऐकलं नाही असं किंचाळलं, त्याने लगेच परत क्लच दाबला. अर्धा सेकंद, फार तर एक. त्यानंतर गाडी चालली, त्याने आणखी दोन सेशन केली.

हे तू कोणालाच का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला, "पण लिमिटर आहे ना रे? इंजिन नऊ हजारांच्या वर जाईलच कसं?"

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मी इथे थांबून सांगतोच. लिमिटर पेट्रोल तोडतो. पाय दाबून इंजिन स्वतःच्या जोरावर वर जात असेल तर तो अडवतो. पण गिअर चुकून खालचा पडला तर इंजिनला इंजिन फिरवत नाही, चाकं फिरवतात. पेट्रोल तोडून काय होणार? गाडीचं सव्वा टनाचं वजन सरळ क्रँकला फिरवतं. आम्ही जुन्या पाकिटाच्या मागे हिशोब केला. या गिअरबॉक्सचा चौथ्याचा रेशो १.१६१ आणि तिसऱ्याचा १.४८१. ८५०० गुणिले १.४८१ भागिले १.१६१, उत्तर १०,८४३. क्लच पूर्ण सुटला नसेल तर थोडं कमी गेलं असेल, पण दहा हजारांच्या वर नक्की. रेड लाईनला जो जोर येतो त्याच्या जवळपास दीडपट. तिथे स्प्रिंगा कॅमच्या मागे धावू शकत नाहीत, व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर करतो, आणि पिस्टन वर येऊन त्याला भेटतो.

म्हणजे दोन वर्षं शेकडो वेळा नऊ हजारला नेऊन जे झालं नाही ते एका सेकंदात झालं. पोर्शेच्या गाड्यांमध्ये अशा ओव्हररेव्हची नोंद इंजिनच्या कंप्युटरमध्ये राहते, जुनी गाडी घेताना लोक ती काढून बघतात. एस२००० मध्ये तशी नोंद नाही, चालवणाऱ्याने सांगितलं तरच कळतं.

दुरुस्ती करताना घेतलेले निर्णय

हेड काढायचं हे नक्की झालं. नोव्हेंबरमध्ये एका छोट्या, एका माणसाच्या वर्कशॉपला काम दिलं, आम्हीही दोन शनिवार तिथे गेलो. दोन नंबरचे दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित वाकलेले निघाले, डोळ्याला दिसत नव्हते, काचेवर फिरवल्यावर डगमगले. स्प्रिंगच्या वरच्या दोन टोप्यांमध्ये, रिटेनर म्हणतात त्या, व्हॉल्व्ह धरून ठेवणाऱ्या पाचरी आत ओढल्याच्या खुणा होत्या. त्या माणसाने ती टोपी माझ्या तळहातावर ठेवली आणि नखाने ती कड दाखवली. ही फुटली असती तर व्हॉल्व्ह चालू इंजिनात खाली पडला असता आणि पिस्टन, हेड, बोअर सगळंच गेलं असतं. आणि मंदार या अवस्थेत गाडी नऊशे मैल "सांभाळून" चालवत होता. चार हजारच्या आत ठेवल्याने धोका कमी झाला असेल, संपला मुळीच नव्हता.

फक्त दोन व्हॉल्व्ह बदलायचे की सगळेच? आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सगळ्या सोळा टोप्या, पाचरी आणि व्हॉल्व्हची सीलं बदलली. तो ओव्हररेव्ह एका सिलिंडरला नाही, चौघांना बसला होता. जास्तीचे चारशे पौंड गेले, पण यावर माझी अजिबात चलबिचल नव्हती.

खालचा भाग उघडायचा का, हा प्रश्न अवघड होता. रॉडच्या बेअरिंगने पण तेच १०,८०० सोसलं होतं, वर ऑइल कमी असताना. उघडलं तर बोल्ट नवे लागणार, मजुरी वाढणार, आणि चांगलं चाललेलं उघडून परत बसवताना होणारी चूक ही स्वतः एक जोखीम असते. आम्ही मधला रस्ता घेतला. ऑइल फिल्टर कापून कागद उन्हात धरून बघितला, चमक नाही. ऑइलचा नमुना लॅबला पाठवला, शिसं आणि तांबं वाढलेलं नव्हतं. काकांचा कानही वरच्याच बाजूने होता. नाही उघडलं.

ऑइल खाण्याचं काय? ती वेगळी गोष्ट निघाली. रिंगा ठीक होत्या. जुनी सीलं कडक झाली होती हे एक, आणि दुसरं म्हणजे हे इंजिन वरच्या आरपीएमला थोडं ऑइल खातंच, रिंगांच्या फटीतून गॅस खाली जातो आणि ऑइलची वाफ घेऊन इनटेकमधून परत येतो. म्हणजे इथे हाय रेव्हचा दोष आहेच, सरळ आहे. फक्त तो दर दोन टाक्यांना डिपस्टिक बघून आणि अर्धा लिटर भरून सुटणारा आहे. न बघता कमी ऑइलवर ट्रॅकच्या लांब वळणात गेलं तर ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, आणि तेव्हा मात्र बेअरिंग जातं आणि लोक म्हणतात पिळून इंजिन बसलं.

निकाल

सगळं मिळून २३०० पौंड. जानेवारी २०२४ मध्ये गाडी परत आली. पहिले पाचशे मैल सहा हजारच्या आत, मग व्हॉल्व्हचे गॅप परत मोजले, थंड इंजिनवर इनटेक ०.२१ ते ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.२५ ते ०.२९ मिलिमीटरमध्ये बसले, आणि त्याला सांगितलं की आता ने नऊ हजारला. तो तयार होईना. मी बाजूला बसलो होतो, तिसऱ्या गिअरमध्ये सात हजारला त्याने पाय काढला. दुसऱ्यांदा आठला. तिसऱ्यांदा गेला. घरी येईपर्यंत काही बोलला नाही, पण घराजवळ येऊन परत मागे वळला आणि आम्ही आणखी वीस मैल फिरून आलो.

एप्रिल २०२५ मध्ये, सात हजार मैल आणि दोन ट्रॅक डे नंतर, परत लीक डाउन केलं. ५, ६, ६, ७ टक्के. ऑइल हजार मैलांना साधारण ३५० मिलिलिटर. आयडल स्थिर. या सात हजार मैलांमध्ये तो आधीइतकाच वर गेलाय, लॉगर आहे पुराव्याला. बदललं ते एवढंच की निघाल्यावर वीस मिनिटं चार हजारच्या आत, ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश, दर पेट्रोलला डिपस्टिक, ऑइल पाच हजार मैलांना, आणि गिअर टाकताना मुठीत दांडा आवळायचा नाही, तळव्याने ढकलायचा. चौथ्यावरून पाचव्याला जाताना तो आता दांडा आधी मोकळा सोडतो, स्प्रिंगने तो मध्ये येतो, आणि मग उजवीकडे नेतो. पाव सेकंद जास्त लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

ट्रॅकवर गिअर चुकला त्याच क्षणी गाडी थांबवायला हवी होती. पुढची दोन सेशन आणि रेडिंगपर्यंतचा रस्ता हा निव्वळ नशिबाचा भाग होता. टो करून आणायला दोनशे पौंड गेले असते.

जुलैमध्ये लीक डाउन झालं असतं तर तीन महिने वाचले असते. गॅरेजने केलं नाही तर आपण मागायचं, आणि ते करत नसतील तर दुसरीकडे जायचं. इंजिन बदला म्हणणाऱ्याला आकडा विचारायचाच, किती पीएसआय, किती टक्के.

तीन लक्षणं एकाच कारणाची आहेत असं धरून चालणं ही मंदारची चूक होती, आणि खरं तर मीही साउथॉलहून येताना गाडीत तेच धरून चाललो होतो. ऑइल बघितलं नाही हे एक आणि गिअर चुकला हे दुसरं, दोन्ही एकाच महिन्यात झाल्याने एकमेकांत मिसळलं.

पुण्या-मुंबईतले मित्र हे ऐकून विचारतात की आपल्याकडे थंडीच नाही तर इंजिन तापवायचं कशाला. तिथेही रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल पंचवीस-तीस डिग्रीला असतं, आणि त्याला जायचं असतं नव्वद-शंभरला. पार्किंगमधून निघून पहिल्या सिग्नललाच रेस मारणारे मी तिथे जास्त बघितलेत. उलट ट्रॅफिकमध्ये पाचव्या गिअरला बाराशे आरपीएमवर पाय दाबून इंजिन कुथत नेणं, तेही वाईटच, तिथे ऑइलचं प्रेशर कमी आणि बेअरिंगवरचा दाब जास्त.

बेअरिंग उघडलं नाही यावर मात्र काकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं, हेड उतरवलेलं होतंच, बेअरिंगची एक कॅप सोडून बघायला काय जात होतं. माझं म्हणणं, फिल्टर आणि लॅब दोन्ही स्वच्छ असताना हात लावायचा नाही. गाडी आता ८८ हजारांवर आहे. एक लाखाला खालचं उघडायचं ठरलंय, काका तेव्हा इकडे येणार आहेत, आणि बेअरिंगचे शेल ते स्वतःच्या हाताने काढणार आहेत.